‘नाही असेल तर’ नव्हे, ‘नसेल तर’

सांगलीत प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: कोडमधली नकाराची अट मुलांच्या टिपणात मराठीत कशी लिहावी? ‘पासवर्ड बरोबर नाही असेल तर’, ‘बरोबर नसेल तर’ की ‘बरोबर असल्याशिवाय’?

पहिला पर्याय वाचूनच डोकं फिरतं. ‘नाही आहे’, ‘नाही असेल’ ही हिंदीची उचल हल्ली शिकल्यासवरल्यांच्या तोंडीही सर्रास ऐकू येते. ‘नसेल’मध्ये ‘न’ आणि ‘असेल’ कधीचेच एकजीव झालेत!

आपल्या जुन्या मराठीत तर नकार क्रियापदाच्या पोटातच शिरतो. न जाणे ते नेणे, न उरे ते नुरे, न देई ते नेदी, आणि न होय ते नव्हे. माझं ठाम मत आहे की ही सवय कानडीच्या शेजारानं पोसली. कानडीतलं ‘नानरिये’ म्हणजे ‘मी नेणे’. तिथेही सुटा ‘नाही’ लागत नाही. जतकडचा कानडी माणूस ‘मन्याग इल्ल’ म्हणतो, पण ‘इदु नंद अल्ल’. आपल्याकडे ‘घरात न्हाय’, पण ‘ह्ये माझं न्हवं’. तोच भेद: एक वस्तूच नाही, दुसरी ती वस्तू नव्हे. शालेय व्याकरणं दोन्हींना ‘नकारार्थी’च्या एकाच खणात कोंबतात, आणि संस्कृतपलीकडे न पाहणाऱ्या व्युत्पत्तीकारांना दाराशी उभी असलेली कानडी दिसतच नाही. भूतकाळात ‘नव्हता’ दोन्ही कामं करतो, हे खरं; म्हणून वर्तमानातला भेद खोटा ठरत नाही.

कोडलाही तो भेद लागतो. यादीत नाव नाही, ही एक अट. नाव अमुक नव्हे, ही वेगळी. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची शैली-नियमावली ‘पेप ८’ तर सांगते की ‘नॉट’ आधी सुटा टाकून पुढे ‘इज’ लिहू नका, ‘इज नॉट’ जोडीनं लिहा, वाचायला सोपं जातं. म्हणजे ‘नव्हे’च की!

राहिलं ‘असल्याशिवाय’. रुबी किंवा पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषांमधल्या ‘अनलेस’साठी, म्हणजे ‘अट खरी नसेल तर’ सांगणाऱ्या शब्दासाठी, ते सरसकट वापरू नका. ‘तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत’ यात पुढे नकार यावाच लागतो. ‘बरोबर असल्याशिवाय एरर दाखवा’ हे मराठीच नव्हे. ‘बरोबर नसेल तर एरर दाखवा’ लिहा. आणि व्हेरिएबलला ‘अवैध’ अर्थाचं नाव देऊ नका. ‘अवैध नसेल तर’ वाचताना पोरं दोन नकार सोडवत बसतील.