कलमं लावली, पण जीव धरेनात

प्रश्न : नाशिकच्या मखमलाबादला घरामागे जुलैत केसर आंब्याची ५ कलमं लावली, जमीन काळी. दोन बरी आहेत पण तिघांची पानं पिवळी पडून लोंबतायत, पालवी एकदा फुटली तीही करपली. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बादली पाणी घालते, मूठभर युरिया पण दिला. अजून कुठलं खत देऊ?

उत्तर : ताई, खत राहू द्या, आधी पाणी थांबवा. काळी माती पाणी धरून बसते, त्यात खोल खड्डा म्हणजे हौदच झाला, वरून पावसाळा आणि वरून तुमच्या दोन बादल्या. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, मग खाली एवढं पाणी असून झाड तहानलेलं दिसतं आणि आपण मलूल पानं बघून अजून एक बादली ओततो. खोडापासून वीतभर लांब खुरप्याने उकरून बघा, मातीचा मुठीत चिकट गोळा होत असेल तर पाणी नको. कुजका वास आला तर आळं फोडा आणि उताराच्या बाजूला चर काढून द्या. युरिया पण आता बास, आधीच दुखावलेली मुळं त्याने अजून जळतात.

मग जोड बघा, म्हणजे खालच्या गावठी रोपावर (खुंटावर) केसरची काडी जिथे बांधलेली असते ती जागा. खड्ड्यातली भुसभुशीत माती दबली की कलम खाली बसतं आणि जोड मातीत जातो, तसं असेल तर भोवतीची माती ओढून तो उघडा करा. नर्सरीची प्लॅस्टिक पट्टी अजून असेल तर ब्लेडने हळूच कापा. मी एकदा विसरलो होतो, खोडाला असा करकोचा पडला की पुढच्या वाऱ्यात कलम बरोब्बर तिथेच मोडलं. जोडाखालून जोमदार फूट आली असेल तर खूश होऊ नका, तो खुंटाचा गावठी आंबा आहे, काढून टाका.

कलम जिवंत आहे का बघायला नखाने साल जराशी खरवडा. हिरवं दिसलं तर थांबा, खालपर्यंत तपकिरी असेल तर ते गेलं, पुढच्या जूनमध्ये तिथे मातीचा रुंद उंचवटा करून नवीन लावा.

थंडीत निफाडकडे पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा तुमच्याकडेही गारठा असणारच, रात्री बारदानाचा आडोसा करा. आणि त्या दोन बऱ्या कलमांना मोहोर आला तर खुडून टाका, जिवावर येतं माहितीये, पण पहिली तीन वर्षं तरी.