वाचकांचे प्रश्न : डिझेल इंजिन आणि जुना ड्राइव्ह

प्रश्न : माझ्याकडे १९ फुटी फायबरची बोट आहे. तिचे १३५ हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन पाणी शिरून निकामी झाले आहे, मात्र मागच्या फळीवरचा स्टर्नड्राइव्ह (आतल्या इंजिनावर बाहेरचा पंखा फिरवणारा गिअरचा संच) सुस्थितीत आहे. ड्राइव्हवर गिअरचे प्रमाण २.०० असे कोरलेले असून पंखा १४ इंच व्यासाचा आणि १९ इंच पिचचा (घसरण नसेल तर एका फेऱ्यात तेवढा पुढे सरकणारा) आहे. पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ४६०० फेरे घेत असे, आणि गिअर काढताना क्षणभर अडखळत असे. आता एका जीपचे टर्बो डिझेल इंजिन मिळत असून त्याच्या पाटीवर १३० हॉर्सपॉवर, ३८०० फेरे असे लिहिले आहे. ताकद जवळपास सारखीच असल्याने जुनाच ड्राइव्ह चालेल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : पाटीवरचा दुसरा आकडाही आपण उतरवून घेतलात हे फार बरे केले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर १३० मध्ये नसून ३८०० मध्ये आहे. ड्राइव्हला हॉर्सपॉवर कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात, आपल्याला किती पिळले जात आहे आणि किती वेगाने फिरवले जात आहे.

आधी फेऱ्यांचा हिशेब पाहू. प्रमाण २.०० म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे पंख्याचा एक फेरा, त्यामुळे जुन्या जोडणीत ४६०० फेऱ्यांना पंखा २३०० वेळा फिरत होता. १९ इंच पिचच्या पंख्याची पाण्यात घसरण अजिबात झाली नाही असे धरले, तर त्या फेऱ्यांना बोट ताशी सुमारे ६७ किलोमीटर जाते. प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्के घसरण वजा करावी लागते. डिझेल ३८०० वर थांबले की पंखा १९०० वरच थांबतो आणि तोच हिशेब ५५ किलोमीटरवर येतो. शिवाय एवढ्या कमी फेऱ्यांत हा पंखा इंजिनाची पूर्ण ताकद घेऊच शकत नाही, कारण पंख्याला लागणारी ताकद ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. यावर मोठ्या पिचचा पंखा लावा, असे आपला मेकॅनिक सांगेल. जुना वेग परत मिळवण्यासाठी हिशेबाने २३ इंच पिच लागेल. परंतु ड्राइव्हच्या पंख्यावरील आडव्या पट्टीखाली ठरावीक जागाच असते, त्यामुळे व्यास फारसा वाढवता येत नाही. १४ इंच व्यासावर २३ इंच पिच असलेला पंखा जड बोटीला पाण्यावर उचलताना नुसते पाणी घुसळतो, आणि माणसे बसवलेली बोट नाक वर करून बराच वेळ रखडत राहते.

आता पिळाचा, म्हणजे टॉर्कचा हिशेब. हॉर्सपॉवरला ०.७४६ ने गुणले की किलोवॉट येतात, आणि किलोवॉटला ९५४९ ने गुणून फेऱ्यांनी भागले की न्यूटन-मीटर मिळतात. आपले पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीला सुमारे २१० न्यूटन-मीटर देत होते, तर हे डिझेल सुमारे २४४ देईल. मधल्या फेऱ्यांत टर्बो डिझेलचा टॉर्क याहूनही वर जातो, आणि भरलेली बोट पाण्यातून वर काढताना इंजिन नेमके त्याच टप्प्यात राबत असते. ड्राइव्हच्या खालच्या दांड्यावर हा टॉर्क गिअरच्या प्रमाणाने गुणून येतो, म्हणजे पूर्वी ४२० येत होता तिथे आता ४८८ येईल. हॉर्सपॉवर पाचने कमी होऊनही दातांवरचा भार सोळा टक्क्यांनी वाढला, तो असा.

याच आकड्यांतून सुटकेचा मार्गही दिसतो. प्रमाण २.०० ऐवजी १.६५ च्या आसपास असेल, तर ३८०० फेऱ्यांना पंखा पुन्हा २३०० वर येतो आणि खालच्या दांड्यावरचा टॉर्क ४०३ पर्यंत उतरतो. अनेक ड्राइव्हमध्ये हे प्रमाण वरच्या भागातील गिअरच्या जोडीवर ठरते आणि ती जोडी बदलता येते. वरची गिअरची जोडी आणि युनिव्हर्सल जॉइंट यांना मात्र २४४ चा पूर्ण भार सोसावाच लागेल, हे विसरू नये.

तरीही आपण हाच ड्राइव्ह ठेवावा असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण आपल्याच पत्रात आहे. गिअर काढताना इंजिन क्षणभर अडखळत होते, तो दोष नव्हता. या जातीच्या ड्राइव्हमध्ये खालच्या भागात खाचांचा डॉग क्लच असतो. भाराखाली त्याच्या खाचा एकमेकींत घट्ट धरून बसतात, म्हणून केबलवर ताण आला की एक स्विच क्षणभर स्पार्क तोडतो, पकड ढिली होते आणि क्लच सुटतो. डिझेलमध्ये तोडायला स्पार्कच नसतो. त्यामुळे गिअर अडकून बसेल किंवा जोर लावून काढताना खाचांच्या कडा झिजतील, आणि धक्क्याला बोट लावताना गिअर न निघणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. डिझेलला कोन क्लचचा, म्हणजे खाचांऐवजी शंकूच्या आकाराच्या पकडीचा, ड्राइव्ह घ्यावा. तो अशा स्विचवर अवलंबून नसतो. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ॲक्वामॅटिक बाजारात आणला तेव्हापासून इंजिन आणि ड्राइव्ह जोडीने विकण्याची पद्धत आहे, आणि ती केवळ विक्रीची युक्ती नाही. जुनी पण पूर्ण डिझेल जोडी मिळत असेल तर, खर्च जास्त दिसला तरी, मी आपल्या जागी तीच घेतली असती.

जीपचेच इंजिन वापरायचे ठरले, तर त्याला पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, हीट एक्स्चेंजर आणि फ्लायव्हील हाउसिंगसाठी अडॅप्टर प्लेट लागेल. प्लेट भोसरीच्या एखाद्या चांगल्या लेथवर होऊ शकते, पण तिचे केंद्र डायल गेज लावून तपासून घ्यावे. इंजिन बसवल्यावर ग्रीस लावलेला अलाइनमेंट बार मागून गिंबल बेअरिंगमधून (मागच्या फळीत ड्राइव्हचा दांडा जिथून आत येतो ते बेअरिंग) कपलिंगच्या खाचांत सरकवावा. तो दोन बोटांनी आत गेला पाहिजे. हातोडीची गरज भासली तर तिथेच थांबावे. बाहेर काढल्यावर ग्रीसवर खाचांचे वळ सगळीकडे सारखे दिसले तर इंजिन सरळ आहे, आणि फक्त वर किंवा फक्त खाली दिसले तर पुढचे माउंट वर-खाली करून पुन्हा पाहावे. या कामाला अर्धा दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

पंख्याचा शेवटचा निर्णय पाण्यावरच करावा. टाकी भरून, नेहमीइतकी माणसे बसवून पूर्ण थ्रॉटल द्यावे. इंजिन ३८०० ला पोहोचलेच पाहिजे. ते ३४०० वरच अडले आणि काळा धूर सोडू लागले, तर पिच साधारण दोन इंचांनी कमी करावी. एका इंचाने दीड-दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. आपल्याकडचे जलाशय समुद्रसपाटीपासून ५५० मीटरांहून अधिक उंचीवर आहेत, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण एक टक्का घटते, म्हणून समुद्रकाठच्या मांडव्याला जमलेला पंखा पानशेतला जड वाटू शकतो. आपले इंजिन टर्बोचे असल्याने हा फरक कमी राहील. समुद्रातून आलेला ड्राइव्ह घेतलात तर त्यावरचे जस्ताचे ॲनोड (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजून त्याला गंजापासून वाचवणारे तुकडे) काढून मॅग्नेशियमचे लावावेत, कारण गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही. आणि खर्च करण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी पाहून घ्यावी, कारण या जलाशयांचे पाणी शहराच्या नळाला येते.

प्रश्न : माझ्या बोटीत ट्रॅक्टरचे तीन सिलिंडरचे इंजिन, मरीन गिअरबॉक्स आणि सरळ शाफ्ट आहे. इंजिन आयडलवर असताना गिअरबॉक्समधून खडखडाट येतो, फेरे वाढवले की थांबतो. गिअरबॉक्स खोलावा का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : इतक्यात खोलू नये. मध्ये ट्रॅक्टरचीच क्लच प्लेट कपलिंग म्हणून बसवली आहे का, हे आधी पाहावे. तीन सिलिंडरचे डिझेल आयडलला झटक्यांनी फिरते, आणि कपलिंगच्या स्प्रिंगा त्या झटक्यांसाठी फार कडक असतील तर गिअरचे दात एकमेकांवर आपटतात. तात्पुरता उपाय म्हणून आयडल ५० ते १०० फेऱ्यांनी वाढवून पाहावे. खडखडाट थांबला तर इंजिनाचे सिलिंडर आणि टॉर्क सांगून त्याला साजेशी, झटके शोषणारी मऊ डॅम्पर प्लेट मागवावी. आयडल वाढवूनही आवाज तसाच राहिला, तर गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आणि त्यात धातूचा कीस आहे का ते पाहावे. कीस आढळला तर मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागेल.