मुक्त व्यापार करारात तंटा सोडवणारी यंत्रणा असावी का?

तुम्ही विचारलंय, आंतरराष्ट्रीय मुक्त व्यापार करारात तंटे मिटवणारं मंडळ हवं की देशांनी आपसात बोलून मिटवावं? माझं उत्तर: मंडळ हवंच. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या निर्यातीची कागदपत्रं बघतो आणि घरचा ऊस आहे, म्हणून दोन्हीकडून सांगतो.

आधी चादर. १९९७ मध्ये युरोपने भारतातल्या सुती बेडलिननवर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे माल घरच्यापेक्षा बाहेर स्वस्त विकल्याबद्दलचा जादा कर, बसवलं. त्यांच्या हिशेबाची रीत बघा. समजा एक चादर इथे शंभरला आणि तिकडे नव्वदला विकली, तर दहाचा फरक आपल्या नावावर. दुसऱ्या जातीची इथे शंभरला आणि तिकडे एकशेदहाला गेली, तर ते दहा वजा करायचे नाहीत, शून्य धरायचं! भारताने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि मार्च २००१ मध्ये अपील मंडळाने ही रीत नियमाबाहेरची ठरवली. नुसत्या बोलणीत युरोपने आपलं ऐकलं असतं, असं मला वाटत नाही.

आता ऊस. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारीवर डिसेंबर २०२१ मध्ये त्याच संघटनेच्या पॅनेलचा, म्हणजे पहिल्या पायरीच्या पंचांचा, निकाल आपल्याविरुद्ध गेला: उसाला दिलेला आधार उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर, साखरेचं निर्यात अनुदानही चूक. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, कारखाना देतो, सरकार नाही, हे आपलं म्हणणं पॅनेलने मानलं नाही. मलाही आपलं ते म्हणणं पटलेलं नाही. त्यावर भारताने अपील केलं, पण अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडलेलं. प्रकरण लटकलं. इकडे बऱ्याच जणांना हे बरंच झालं असं वाटतं. मला भीती वाटते. उद्या टॉवेलवर कुणी तसंच शुल्क लावलं, आपण जिंकलो, तर समोरचाही त्याच रिकाम्या मंडळाकडे अपील करून मोकळा होईल.

माझे मामा ट्रॉली कारखान्यावर नेण्याआधी बाहेरच्या काट्यावर वजन करतात आणि पावती खिशात ठेवतात. कारखाना ती मान्य करतो असं नाही, तरी ती पावती असल्याशिवाय ते भांडायला उभेच राहत नाहीत. मंडळाचा निकाल ही माझ्या लेखी तशीच पावती.

परदेशी कंपनीने थेट सरकारला लवादात खेचायची सोय मात्र वेगळी. तिथे आधी देशातल्या कोर्टात जाण्याची अट हवी, असं माझं मत आहे.

आणि मंडळ नुसतं कागदावर असून भागत नाही. २००० साली नाफ्टा या अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या मुक्त व्यापार करारात मेक्सिकोने साखरेवरूनच अमेरिकेविरुद्ध पंच मागितले, अमेरिकेने पंच नेमलेच नाहीत आणि सुनावणी झालीच नाही. म्हणून कुठलाही नवा करार आला की मी त्यातलं तंटे सोडवण्याबद्दलचं प्रकरण आधी उघडतो: समोरच्याने पंच नेमला नाही, तर किती दिवसांत आणि कोण नेमणार?