तीन डोस झाले, मग टायटर कशाला?

प्रश्न : मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेशानंतर कॉलेजने हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस दिले. सीनियर टायटर (लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) करून घ्यायला सांगतात, काही जण म्हणतात उगाच खर्च. लहानपणीही लस झाली होती, असं आई म्हणते, पण कार्ड सापडत नाही. (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : टायटर करून घ्या. तिसऱ्या डोसनंतर 1 ते 2 महिन्यांत अँटी-एचबीएस (म्हणजे हीच प्रतिपिंडं) तपासायचं. आकडा 10 किंवा त्याहून जास्त (मिलीआययू प्रति मिलिलिटर) आला की झालं. तो कागद जपून ठेवा. पुढे बूस्टर लागत नाही. निरोगी तरुणांतही शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या अंगात पहिल्या तीन डोसांनी पुरेशी प्रतिपिंडं तयार होत नाहीत, आणि ते कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही. धूम्रपान आणि लठ्ठपणा यांनी प्रतिसाद घटतो. इंजेक्शन दंडाऐवजी कुल्ल्यात दिलं तर लस चरबीत राहते. लस गोठली असेल तर तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या गुठळ्या होतात आणि ती निकामी होते. म्हणून फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांतच ठेवायची, फ्रीझरला चिकटवून नाही.

आकडा 10 च्या खाली आला तर पुन्हा 0, 1 आणि 6 महिन्यांनी तीन डोस, आणि पुन्हा तपासणी. तरीही चढला नाही तर एचबीएसएजी (खुद्द विषाणूच्या कवचाचा अँटिजेन, संसर्गाची खूण) करा. लसीने काम केलं नाही असं वाटतं, आणि मुळात संसर्गच आधीपासून असतो, असंही निघतं. तोही निगेटिव्ह आला तर तुम्ही ‘नॉन-रिस्पॉन्डर’, म्हणजे लसीला प्रतिसाद न देणारे. मग सुई टोचल्यावर लसीचा भरवसा नाही, इम्युनोग्लोब्युलिनच (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) घ्यायचं.

बालपणीच्या लसीबद्दल: देशभर सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी 2011 पर्यंत पोहोचली. त्याआधी जन्मलेल्यांनी लस मिळाली असेलच असं धरू नये. कागद नाही तर लस नाही, असंच समजा. मधला एखादा डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात नको, उरलेले पूर्ण करा.

आणि एक, जे कुणी सांगत नाही. लस घेतल्यावर लगेच रक्तदान शिबिरात जाऊ नका. डोसनंतर जवळजवळ तीन आठवडे लसीतलाच अँटिजेन रक्तात सापडू शकतो आणि रिपोर्ट एचबीएसएजी पॉझिटिव्ह येतो. मग महिनाभर घरात सुतक.

प्रश्न : रात्रीच्या ड्यूटीत रक्त काढून झाल्यावर झाकण लावताना सुई बोटात गेली. रक्त पिळून काढलं, स्पिरिट लावलं आणि काम चालू ठेवलं. पुढे काय करायला हवं होतं? (इंटर्न, नागपूर)

उत्तर : पिळणं चुकीचं. त्याने विषाणू बाहेर पडल्याचा पुरावा नाही, बोट मात्र सुजतं. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, बस. स्पिरिट, ब्लीच जखमेवर नको. डोळ्यात थेंब उडाला असेल तर साध्या पाण्याने किंवा सलाइनने डोळा धुवा. लेन्स असल्यास त्यासकट धुऊन मग काढा.

नंतर लगेच कळवा: कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर, नाहीतर ज्यांच्या हाताखाली आहात ते रेसिडेंट. लाजेने किंवा ‘सर काय म्हणतील’ म्हणून गप्प बसण्यातच खरा घोटाळा होतो. रुग्णाची एचबीएसएजी, एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) आणि एचआयव्ही तपासणी त्याच रात्री व्हावी. तुमचा टायटर ठाऊक असेल आणि 10 च्या वर असेल, तर हिपॅटायटिस बीसाठी काहीच करायला नको. लस झाली नसेल आणि रुग्ण पॉझिटिव्ह असेल किंवा त्याची माहितीच नसेल, तर इम्युनोग्लोब्युलिन दर किलो वजनाला 0.06 मिलिलिटर (50 किलोला 3 मिलिलिटर, बाटलीवरची ताकद पाहून) आणि लसीचा पहिला डोस, दोन्ही वेगवेगळ्या जागी. शक्यतो 24 तासांत. टोचण्यानंतर 7 दिवसांपलीकडे इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग धरत नाहीत. एचआयव्हीची औषधं त्याहून घाईची: होईल तितक्या लवकर, 72 तासांच्या आत.

भीती मात्र उलटी असते. एचआयव्हीची धास्ती सगळ्यांना. एका सुईने तो होण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस बीचा रुग्ण ई-अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह असेल आणि तुम्हाला लस नसेल, तर तीनातल्या एकाला, कधी त्याहून जास्त जणांना संसर्ग होतो. हा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस तग धरतो.

आता मूळ चूक. झाकण परत लावायचंच नव्हतं. सुई कापायचं यंत्र आणि पांढरा, न टोचणारा डबा पलंगाशेजारी हवा, नर्सिंग स्टेशनला नव्हे. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. झाकण लावणं टाळताच आलं नाही, तर ते ट्रेवर आडवं ठेवा आणि एकाच हाताने सुई त्यात सरकवा. हातमोजे सुई अडवत नाहीत, फक्त तिच्यावरचं थोडं रक्त पुसून घेतात.

प्रश्न : पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजी प्रात्यक्षिकात एकमेकांची बोटं टोचावी लागतात. धोका आहे का? (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आहे, आणि नेमका याच वयात, जेव्हा तीन डोस पूर्ण झालेले नसतात. दर बोटाला नवी लॅन्सेट (टोचणी). स्पिरिटने पुसून दुसऱ्याला वापरू नये. पिपेटच्या रबरी नळीचं टोक तोंडात धरून रक्त ओढायची जुनी सवय असेल तर थेट नकार द्या, रबरी बल्ब मागा. टेबलावर थेंब पडला तर हातमोजे घालून आधी टिपकागद, मग 1 टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण). बाटली 5 टक्क्यांची असेल तर एक भागाला चार भाग पाणी. 20 मिनिटं ठेवून पुसा. द्रावण रोज नवं करा, शिळ्यात क्लोरीन उरत नाही.

प्रश्न : प्रवेशाच्या तपासणीत मुलाचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला. शिक्षण सोडावं लागेल? (पालक, नाशिक)

उत्तर : नाही. आधी लस नुकतीच झाली नव्हती ना ते पाहा, मग दुसऱ्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करा. पक्कं ठरलं तर गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टकडे एचबीव्ही डीएनए (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण), ई-अँटिजेन, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी. रक्त काढणं, रुग्ण तपासणं, टाके घालणं यांवर बंधन येत नाही. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण संस्थेने) 2012 मध्ये सांगितलं की, हा संसर्ग असलेल्याला वैद्यकीय शिक्षणातून वगळू नये; खोल शस्त्रक्रियांसाठीही डीएनए 1000 आययू प्रति मिलिलिटरच्या खाली ठेवला की पुरतं, आणि औषधांनी तो खाली आणता येतो. घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून घ्या, विशेषतः आईची. लहानपणी झालेला हा संसर्ग बहुधा तिच्याकडून आलेला असतो, आणि तिला तो ठाऊकच नसतो.