तोंडातील जुनाट दुखणे आणि वनौषधी : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मला वारंवार तोंड येते. ज्येष्ठमधाने बरे वाटते, पण रक्तदाबाची गोळी चालू आहे. ते घ्यावे का?

उत्तर : असे लहान व्रण बहुधा ७ ते १४ दिवसांत आपोआप भरून येतात आणि ज्येष्ठमधाच्या काढ्याने तोवरचे झोंबणे कमी होऊ शकते. मात्र त्यातील ग्लिसिरायझिन पोटात गेल्यास शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. म्हणून आपण गार काढा तोंडात थोडा वेळ धरून थुंकून टाकावा. कांडी चघळून रस गिळू नये. तोंड सतत येत असेल, तर रक्तातील लोह, बी-१२ आणि फोलेट तपासून घ्यावे, कारण यांची उणीव काढ्याने भरून निघत नाही.

प्रश्न : दाढ अधूनमधून ठणकते. लवंगेचे तेल रोज लावले तर चालेल का?

उत्तर : रोज नको. लवंगेतील युजेनॉलमुळे भाग तात्पुरता बधिर होतो, कीड मात्र आत वाढतच राहते. सौम्य न केलेले तेल हिरडीला लागल्यास ती भाजते. लहान मुलांच्या पोटात थोडे तेल गेले तरी यकृताला इजा होऊ शकते.

प्रश्न : वय ५६. काही महिन्यांपासून जिभेची आग होते, पण जिभेवर काहीच दिसत नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

उत्तर : ते मनाचे खेळ नाहीत. रजोनिवृत्तीनंतर अनेक स्त्रियांना हा त्रास होतो आणि त्याचा संबंध चेतातंतूंशी असल्याचे मानले जाते. आधी मधुमेह, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, बुरशीचा संसर्ग, तोंडाचा कोरडेपणा आणि चालू औषधांचे परिणाम तपासावेत, कारण यांपैकी काही सापडल्यास उपचाराची दिशाच बदलते. मिरचीतील कॅप्सेसिन वेदना वाहणाऱ्या तंतूंना हळूहळू बोथट करते, म्हणून त्याच्या अतिसौम्य द्रावणाने चूळ भरण्याचा उपाय अभ्यासला गेला आहे. परंतु सुरुवातीला आग वाढते, तेव्हा तो स्वतःच्या अंदाजाने करू नये. कोरफडीचा गर थंडावा देतो, पण पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक त्यात येऊ देऊ नये.

प्रश्न : जिभेच्या कडेला महिन्यापासून एक जखम आहे. हळद-मध लावल्यावर दुखणे थांबते, पण जखम तशीच आहे.

उत्तर : हळद लावणे थांबवा आणि याच आठवड्यात दंतवैद्यांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ३ आठवड्यांहून अधिक टिकलेली जखम दुखो वा न दुखो, ती कर्करोगाची नाही याची खात्री करून घ्यावीच लागते आणि त्यासाठी तिचा तुकडा काढून तपासावा लागू शकतो. तंबाखू किंवा सुपारीची सवय असल्यास तेही न लपवता सांगा.