लेन्स घ्या, पण ही नको

प्रश्न : मी ३८ वर्षांचा आहे, चिंचवडला नोकरी करतो. हातात ७२,००० येतात. घराचा हप्ता २२,०००, घरखर्च ३६,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) ६,०००. अडीअडचणीसाठी २,४०,००० ची एफडी आहे. फोटोग्राफीचा छंद आहे. गेल्या वर्षी मुंजी-बारशांतून २२,००० मिळाले. पण कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ मिमी लेन्सने काढलेले फोटो आता मलाच एकसारखे वाटतात. गणपतीआधी १,८०,००० ची ७०-२०० मिमी एफ/२.८, म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स, घ्यायची आहे. १८ महिन्यांचे 'नो कॉस्ट' (बिनव्याजी म्हणवणारे) हप्ते करून एसआयपी थांबवू, की एफडी मोडू?

उत्तर : दोन्ही नको. छंदावर खर्च करूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. तुमचा कंटाळा खरा आहे आणि लेन्स बदलली की नजर बदलते, हेही खरं.

ती का बदलते ते बघा, कारण पैशांचं उत्तर तिथेच आहे. लेन्स बदलली की तुमची उभं राहायची जागा बदलते. लक्ष्मी रोडवर ढोलपथक लांबून २०० मिमीने टिपलंत, तर मागचे-पुढचे चेहरे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतील. तेच वाइडने, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सने, टिपायचं तर टिपरू अंगावर येईल इतकं जवळ जावं लागतं. झूम नसलेल्या लेन्समध्ये तर पायांनीच मागे-पुढे व्हायचं. या अडवणुकीतून नवे फोटो निघतात, आणि अडवणूक फुकटही मिळते. तुमच्या १८-५५ ची रिंग चिकटपट्टी लावून ३५ वर पक्की करा आणि पंधरा दिवस तांबट आळी, मंडई, तुळशीबाग फिरा. पुढचे पंधरा दिवस ५० वर. कुठे रमता ते कळेल.

आता हिशेब. महिन्याला तुमचे ८,००० उरतात, हप्ता १०,००० चा. म्हणजे एसआयपीला कात्री लागणार. एफडी मोडलीत तर ६०,००० उरतील. घराचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ५८,००० आहे, म्हणजे चार महिन्यांचा आधार एका महिन्यावर येईल. घरकर्ज डोक्यावर असताना मला हे अजिबात पटत नाही. 'नो कॉस्ट'चं म्हणाल तर शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते, शिवाय हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी पडतो. आणि लेन्सचं नवेपण हप्त्यांइतकं टिकेल याची खात्री नाही.

'कमाईतून वसूल होईल' असं मनात असेल, तर २२,००० च्या वेगाने आठ वर्षं लागतील. त्यातही बारशाला, घरातल्या हॉलमध्ये ७० मिमीतून पाळणा आणि आत्या एका चौकटीत बसवून दाखवा!

विसर्जनासाठी ७०-२०० भाड्याने घ्या. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. त्या आठवड्यात मागणी असते म्हणून आत्ताच बोलून ठेवा, आणि अनामत किती व परत कधी मिळेल ते लेखी घ्या. विकत घ्यायची तर ५० मिमी एफ/१.८ घ्या. काही कंपन्यांची ही लेन्स साधारण वीस हजारांच्या घरात मिळते, म्हणजे अडीच-तीन महिन्यांची शिल्लक. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. तुमची लेन्स ५५ च्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते, एफ/१.८ वर त्याच्या नऊपटीहून जास्त प्रकाश येतो. मंगल कार्यालयातल्या पिवळट उजेडात हा फरक लगेच दिसेल. चिकटपट्टीच्या प्रयोगात ३५ वर रमलात तर ती घ्या, फक्त काही कंपन्यांची ३५ बरीच महाग असते.

वापरलेली लेन्सही चालेल. कॅमेऱ्याच्या बॉडीच्या मानाने लेन्सची किंमत सावकाश उतरते, त्यामुळे पुढे विकलीत तरी फार तोटा होत नाही. घेताना मागून टॉर्च मारून आत बुरशीची जाळी नाही ना ते बघा. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते.