वाचकांचे प्रश्न : जुन्या व्हॅनच्या टॅपेटचा आवाज

प्रश्न : माझ्याकडे १९७९ सालची, अमेरिकी बाजारासाठी बनलेली, डावीकडे स्टिअरिंग असलेली फोक्सवॅगन व्हॅन आहे. हवेने थंड होणारे दोन लिटरचे इंजिन मागे आहे आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतले ठोकळे) हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणारे आहेत. पावसाळाभर गाडी सोसायटीच्या आवारात झाकून उभी होती. नंतर सुरू केली तेव्हा इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. ठाण्यातील एका मेस्त्रींनी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून टॅपेट सेट केले, तर आवाज वाढला. आता आठही टॅपेट बदलावे लागतील असे ते म्हणतात, आणि ते परदेशातून मागवावे लागतील. खरोखरच बदलावे लागतील का? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : इतक्यात मागवू नयेत. आपल्या पत्रातली खरी मेख फीलर गेजमध्ये आहे. याच घराण्यातल्या साध्या टॅपेटच्या दोन लिटर इंजिनात इनलेटला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर फट ठेवतात; मेस्त्रींचा हात त्याच सवयीने चालला असावा. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये फट ठेवायचीच नसते. त्याच्या आत एक प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि एक बारीक पोलादी गोळी असते. इंजिनचे ऑईल दाबाने आत शिरते, गोळी त्याला मागे फिरू देत नाही, आणि त्या कोंडलेल्या ऑईलवर प्लंजर वर सरकून पुशरॉड (टॅपेटवर टेकलेली दांडी), रॉकर (पुशरॉडच्या धक्क्याने व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) व व्हॉल्व्ह यांच्यामधली मोकळीक स्वतःच भरून काढतो. मात्र प्लंजर वरच्या सर्क्लिपला (त्याला अडवणाऱ्या कडीला) टेकलेला असताना कोणी रॉकरचा स्क्रू सैल करून फट ठेवली, तर त्याला आणखी वर जायला जागाच उरत नाही आणि ती फट प्रत्येक फेऱ्याला वाजत राहते.

मुळात आवाज का सुरू झाला, हेही सांगण्यासारखे आहे. इंजिन बंद होते तेव्हा काही व्हॉल्व्ह उघडे राहतात. त्यांच्या स्प्रिंगांचा दाब महिनोन्महिने टॅपेटवर पडतो, आतले ऑईल हळूहळू झिरपून जाते आणि पुन्हा सुरू करताना त्या जागी हवा शिरते. एवढ्यामुळे होणारी टकटक काही मिनिटांत थांबली, तर तिला बिघाड म्हणू नये.

स्पॅनर हाती घेण्यापूर्वी आवाज टॅपेटचाच आहे याची खात्री करावी. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक रॉकरच्या झाकणावर आणि मूठ कानाशी धरली, की टॅपेटची टकटक स्पष्ट कळते. आपल्या गाडीत पेट्रोल इंजेक्शन असल्यास इंजेक्टरही टिकटिकतात, आणि तो आवाज फसवा असतो. सिलिंडर हेडला एक्झॉस्ट जिथे जोडलेला असतो तिथे काजळीचा काळा ओघळ दिसला, तर गळणारा धूरच टॅपेटसारखा वाजत असेल.

त्यानंतर ऑईल. फिल्टरसह सुमारे साडेतीन लिटर लागते. आपल्याकडच्या उष्म्यात २०डब्ल्यू-५० योग्य ठरते आणि ते कुठेही मिळते. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, आणि जास्त भरले तर ऑईल घुसळून फेसाळते. दोन्ही प्रकारांत टॅपेटला हवाच मिळते.

आता सेटिंग. इंजिन थंड असताना पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सर्वांत वर आणावा. रॉकरचे पुशरॉडकडील टोक अंगठ्याने दाबून पाहावे. ते स्पंजासारखे खाली जात असेल तर टॅपेट रिकामा आहे आणि तो भरल्याशिवाय सेटिंग करू नये, कारण बसलेल्या प्लंजरवर स्क्रू आवळला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. टोक टणक लागले, तर लॉकनट सोडून स्क्रू मागे घ्यावा, व्हॉल्व्हच्या दांड्याला जेमतेम टेकेपर्यंत पुन्हा आत न्यावा, तिथून आणखी पूर्ण दोन फेरे द्यावेत आणि लॉकनट आवळावा. पुढे पुली चालू दिशेने अर्धा अर्धा फेरा फिरवत १-४-३-२ या क्रमाने उरलेली तीन सिलिंडरे घ्यावीत. भरलेल्या टॅपेटवर दोन फेरे दिले की व्हॉल्व्ह थोडा वेळ किंचित उघडा राहतो. प्लंजर जागेवर बसेपर्यंत अर्धा तास थांबावे, एवढ्यात स्टार्टर मारू नये.

मग गाडी मध्यम वेगाने वीस-तीस मिनिटे चालवावी. भल्या सकाळचा पाम बीच रस्ता यासाठी उत्तम. घोडबंदरच्या कोंडीत रखडून उपयोग नाही, कारण आयडलला (इंजिन नुसते मंद चालू असताना) ऑईलचा दाब कमी असतो आणि पंखा थेट क्रँकशाफ्टवर असल्याने हवाही कमी मिळते.

तरीही एखादा वाजतच राहिला, तर तेवढाच बाहेर काढावा. रॉकर उतरवून पुशरॉड आणि त्याची नळी हेडच्या बाजूने ओढून घेतली, की हायड्रॉलिक टॅपेट त्याच भोकातून चुंबकाने निघतो. इंजिन उघडावे लागत नाही. सर्क्लिप काढून सुटे भाग रॉकेलमध्ये धुवावेत. एकाचा प्लंजर दुसऱ्यात कदापि घालू नये, कारण त्यांची जोडी अतिशय बारीक मापाने जुळवलेली असते. जोडलेला टॅपेट स्वच्छ ऑईलमध्ये उभा बुडवून, बुडबुडे थांबून तो टणक लागेपर्यंत पुशरॉडने दाबत राहावे आणि मूळच्याच भोकात बसवावा. नळीच्या ओ-रिंगा मात्र नव्या घालाव्यात, नाहीतर टकटक जाईल आणि पार्किंगमध्ये तेलाचे डाग पडतील. कॅमला (टॅपेट ढकलणाऱ्या, कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याला) टेकणारा तळ खड्डे पडलेला किंवा खोलगट झालेला दिसला, तरच नव्या टॅपेटचा विचार करावा. मात्र तसे असेल तर कॅमशाफ्टही तपासावा लागेल.

प्रश्न : या इंजिनात हायड्रॉलिक काढून साधे टॅपेट बसवले, तर कटकट संपेल का? (एक वाचक, कळवा)

उत्तर : नुसते टॅपेट बदलून भागत नाही. साध्या टॅपेटचा कॅमशाफ्ट वेगळा असतो आणि तो बसवण्यासाठी क्रँककेसचे दोन्ही भाग वेगळे करावे लागतात. इंजिन अन्य कारणाने उघडणारच असाल, तर हा विचार करण्याजोगा आहे. केवळ आवाजासाठी इतका खर्च करू नये.